फिरतोय की पिळतोय

अडकलेल्या बोल्टाची आणि चांगल्या मेस्त्रीची पहिली भेट पान्याविना होते. तो आधी नुसता बघतो. बोल्टाच्या डोक्याचे सहाही कोपरे शाबूत आहेत का? एखादा कोपरा दबून चकाकत असेल, तर आधीच कोणीतरी ढिला पाना लावून गेले आहे. डोक्याखाली तांबूस भुकटी दिसली तर आत गंज चढला आहे. पांढरट भुकटी दिसली तर पोलादाच्या संगतीने ॲल्युमिनियम खाल्ले जाते आहे. वॉशर मधोमध खचून त्याच्या कडा वर आल्या असतील, तर आवळणाऱ्याने पान्याला पाइप लावून जोर केला होता. हे सगळे हाताला काळे लागण्याआधी कळते. गाडी घेऊन आलेल्याला तो वेळ रिकामा गेल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात कोणत्या बोल्टाला तेल, कोणत्याला ठोका आणि कोणत्याला आच द्यायची, याचा निकाल त्या दोन मिनिटांत लागलेला असतो.

राजारामपुरीत ही कला पाहायला फार हिंडावे लागत नाही. मेन रोडवर, जनता बझारच्या चौकात दुकानांच्या काचा झगमगतात. पण आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या आतल्या गल्ल्यांत अजून अशी गॅरेजे आहेत, ज्यांच्या दारात दोन-तीन गाड्या इंजिन उघडून उभ्या असतात. शेजारी शिवाजी उद्यमनगर. लेथ, शेपर, फौंड्री, सगळे हाकेच्या अंतरावर. या शहराने शेतीची ऑइल इंजिने, पंप आणि त्यांचे सुटे भाग स्वतः ओतले, स्वतः कातले. म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार ही त्या परंपरेतली नावे कोल्हापुरात आजही आदराने घेतली जातात. ओतीव धातू कुठे ठिसूळ असतो, कुठे जाड, कुठे आत पोकळी राहते, हे इथल्या कारागिराला पुस्तकाविना ठाऊक असते. आणि पश्चिमेला गगनबावडा, राधानगरीचा पाऊस. त्या बाजूच्या गाड्या पावसाळा संपला की आपापला गंज घेऊन शहरात येतात. दुखणे आणि औषध एकाच पेठेत नांदावे, असा हा योग.

बोल्ट घट्ट बसतो म्हणजे काय होते, हे एकदा ध्यानात आले की मेस्त्रीची पुढची प्रत्येक हालचाल अधिक रुचते. आवळला की बोल्ट ताणला जातो. अगदी किंचित, पण खरोखर लांबतो; आणि पुन्हा आखूड होण्याच्या ओढीने दोन भागांना एकमेकांवर दाबून धरतो. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची खुंटी फिरवतो ती तारेच्या ताणासाठी, तसेच इथले फिरवणे बोल्टाच्या ताणासाठी. पण हाताच्या जोरातला फार थोडा वाटा त्या ताणापर्यंत पोचतो. ढोबळ हिशेब असा, की निम्मा जोर डोक्याखालचे घर्षण खाते, चाळीस टक्के आट्यांतले घर्षण खाते आणि जेमतेम दहा टक्के ताणाच्या वाट्याला येतो. म्हणून गंजलेला बोल्ट हाताला घट्ट लागतो, पण आतून सैल असू शकतो. आणि तोच बोल्ट तेल लावून तेवढ्याच जोराने आवळला तर मर्यादेपलीकडे ताणला जातो. दहाचा पाना लागणाऱ्या सहा मिलीमीटरच्या साध्या बोल्टाला साधारण 10 न्यूटन मीटर पुरतात. म्हणजे वीतभर पान्याच्या टोकाला पाचेक किलोची ओढ. हातभर दांड्याने तेवढेच ओढले तर जोर दुप्पट होतो, आणि ओढणाऱ्याला तो दुप्पट झाल्याचे कळतही नाही. बहुतेक आटे असे जातात. सुटू नये या भीतीने आवळलेला बोल्ट पुढे कायमचा सुटतो.

आता आट्यांची रचना पाहा. बोल्ट नटात दहा आटे शिरला म्हणून दहाही आटे सारखा भार उचलत नाहीत. तोंडाजवळचा पहिला आटा एकटाच साधारण एक तृतीयांश भार घेतो, दुसरा त्याहून कमी, आणि सहाव्या-सातव्याच्या पुढे नावापुरता भार उरतो. मेस्त्री हे सूत्र सांगणार नाही. तो निघालेला बोल्ट उजेडात धरून फिरवेल. बोल्टाच्या आट्यांत ॲल्युमिनियमची बारीक तार गुंडाळून आली असेल, तर ती किती लांबीवर आली आहे ते तो मोजतो. पुढच्या तीन-चार आट्यांतच असेल तर त्याचा चेहरा खुलतो. मग तो सायकलच्या आऱ्याचा तुकडा भोकात घालून खोली बघतो. पुष्कळदा असे निघते, की मागच्या वेळी कोणीतरी मूळचा बोल्ट हरवून आखूड बोल्ट घातला होता. तोंडाशी असलेले आटे त्याने खाल्ले, पण खोलवरचे कोरे आहेत. पाच मिलीमीटर लांब बोल्ट घातला की काम संपले. ना ड्रिल, ना टॅप. कौशल्य दाखवायची संधी समोर असताना ती नाकारून इतका साधा उपाय काढणारा मेस्त्री मला सर्वांत मोठा वाटतो.

पण प्रत्येक बोल्ट एवढा दयाळू नसतो. मोटारसायकलचा सायलेन्सर जिथे सिलिंडर हेडला जोडलेला असतो, तिथले दोन स्टड हे या विद्येचे खरे परीक्षास्थान. शंभर सीसीच्या कित्येक गाड्यांत इंजिन आडवे, सायलेन्सरचे तोंड खाली, पुढच्या चाकाचा चिखल थेट तिथे. स्टड पोलादाचा, हेड ॲल्युमिनियमचे, वर रोजचे तापणे आणि निवणे. गंज हा मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. तो आट्यांच्या फटीत फुगतो आणि नटाला आतून चिमटा बसतो. इथे मेस्त्री रॉकेल किंवा पातळ तेल सोडतो, हातोडीने नटावर दोन-तीन हलके ठोके देतो आणि दुसऱ्या गाडीकडे वळतो. ठोका नट फिरवायला नसतो. त्या कंपनाने गंजाच्या भुकटीला बारीक भेगा पडतात आणि तेल आपोआप त्यांत ओढले जाते. मालक मात्र उतावीळ. "वाईच थांबा की साहेब, त्येला पिऊ द्या," एवढे बोलून मेस्त्री दुसऱ्या गाडीची चेन घट्ट करत बसतो. हे थांबणे कामाचाच भाग आहे. मधूनच येऊन तो पुन्हा दोन थेंब सोडतो, पुन्हा दोन ठोके देतो. तेलाने किती वाट काढली हे त्याला ठोक्याच्या आवाजावरून कळते: आधी बद्द, मग जरा मोकळा.

यानंतर येते ती या साऱ्या प्रकरणातली सर्वांत नाजूक जागा. सोडायच्या बोल्टाला पाना लावून मेस्त्री तो आधी आवळतो. उलट दिशेने, केसभर. नवख्याला वाटते हात चुकला. पण गंजाची पकड ज्या बाजूला अजून ताजी आहे, त्या बाजूला तो ती मोडत असतो; कित्येकदा पहिला 'कट्' हा आवाज आवळतानाच येतो. मग सोडण्याकडे. आणि इथे मनगट जे ओळखते, ते डोळ्यांना दिसण्याच्या पलीकडचे आहे. पाना हलतो आहे. पण बोल्ट फिरतो आहे, की नुसता पिळतो आहे? फिरणाऱ्या बोल्टाला विरोध असतो, पण तो खरखरीत आणि एकसारखा असतो. कर्र आवाज करत का होईना, तो पुढे जातो आणि गेला तिथे राहतो. पिळणाऱ्या बोल्टात लवचिक मऊपणा येतो. पाना पुढे गेल्यासारखा वाटतो आणि जोर काढला की मागे येतो. डोके वळले आहे, पण शेपूट तिथेच रुतले आहे. तो मऊपणा जाणवल्यापासून बोल्ट तुटेपर्यंत पाव आट्याचेही अंतर नसते.

नवशिका याच मऊपणाला 'सुटला' समजतो आणि आनंदाने जोर वाढवतो. मुरलेला हात त्याच क्षणी थांबतो. तो पाव आटा मागे घेतो, तेल सोडतो, पुन्हा तेवढाच पुढे नेतो. पुढे-मागे, पुढे-मागे, दर खेपेला पुढची मजल जराशी वाढते. निघणाऱ्या तेलाबरोबर लाल चिखल येऊ लागला की तो फडक्याने पुसतो, बघतो आणि पुन्हा सुरू करतो. एका नटाला असा बराच वेळ जातो. तो वेळ पाहताना मला कधी कंटाळा आलेला नाही. कारण जोर वाढवायची मोकळीक असलेला माणूस तो जोर मुठीत धरून बसलेला असतो, आणि ते धरणे त्याच्या खांद्यापासून बोटांपर्यंत स्पष्ट दिसते.

डोके गोल झालेल्या बोल्टाची कथा वेगळी. फिक्स पाना सहापैकी दोनच बाजू धरतो, म्हणून कोपरे मारतो. बारा कोनांची गोटी कोपऱ्याच्या टोकावर दाब देते. सहा कोनांची गोटी सपाट बाजूवर. जुन्या गोट्यांच्या डब्यातून मेस्त्री सहा कोनांचीच का शोधतो, याचे उत्तर हे. आणि दहाचे डोके पुरते गोल झालेले असेल, तर तो डब्याच्या तळातून तीन सुताची गोटी काढतो. तीन सूत म्हणजे पाऊण इंचाचा अर्धा, 9.525 मिलीमीटर. दहापेक्षा अर्धा मिलीमीटरही कमी नाही. ती हातोडीने ठोकून डोक्यावर चढवली, की गोल झालेल्या धातूत ती स्वतःचे सहा कोपरे कोरून घेते. मोजमापाची मेट्रिक पद्धत देशात 1956 च्या कायद्याने आली. इंचाच्या गोट्या निरुपयोगी म्हणून भंगारात गेल्या. ज्यांनी त्या डब्यात राखून ठेवल्या त्यांच्या हाती हे हत्यार उरले.

आरएक्स 100 च्या इंजिन कव्हरचे स्क्रू हे याच घराण्यातले आणखी एक अवघड पात्र. 1985 पासून दहा-अकरा वर्षे ही गाडी भारतात बनली, आणि कोल्हापुरातल्या पोरांचा तिच्यावरचा जीव अजून कमी झालेला नाही. तिच्या कव्हरला अधिकच्या खाचेचे स्क्रू आहेत. जपानी खाच आणि आपल्याकडचा साधा स्क्रू ड्रायव्हर यांचा उतार एकसारखा नसतो. ड्रायव्हर खाचेतून वर सरकतो आणि खाच चाटून जातो. इथे इम्पॅक्ट ड्रायव्हर येतो. मुठीवर हातोडी पडली की त्याचे टोक एकाच क्षणी खाली दाबले जाते आणि किंचित वळते. वर सरकायची वेळ आली नेमकी तेव्हाच खाली दाब! फिरवणे आणि दाबणे ही दोन कामे हाताला एकाच वेळी पुरेशा जोराने जमत नाहीत, ती एका ठोक्यात बांधणारे हे हत्यार ज्याने पहिल्यांदा घडवले, त्याने असे चाटलेले पुष्कळ स्क्रू पाहिले असणार. मेस्त्रीचा बारकावा याच्याही पुढचा: ठोका देण्याआधी तो मुठीला सोडायच्या दिशेने थोडा पीळ देऊन ठेवतो, म्हणजे आतली ढिलाई आधीच संपते आणि ठोक्याचा सगळा जोर स्क्रूपर्यंत पोचतो.

आच कधी द्यायची? ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. सहा मिलीमीटरच्या भोकाभोवतीचे हेड 100 अंशांनी तापवले, तर भोक आणि स्टड यांच्यात पडणारा फरक मिलीमीटरच्या हजाराव्या भागाच्या सहा-सात पटींइतका. माणसाच्या केसाच्या जाडीचा सुमारे दहावा हिस्सा. एवढीशी फट, पण गंजाची पकड मोडायला पुष्कळ. म्हणून आच स्टडला न देता त्याच्या भोवतालच्या ॲल्युमिनियमला, ज्योत सतत फिरती ठेवून, आणि पेट्रोलची टाकी आधी उतरवून. ॲल्युमिनियम लाल होत नाही. रंग बदलण्याची वाट पाहणारा थेट वितळलेला धातू पाहतो. जाणता मेस्त्री पाण्याचा थेंब टाकून अंदाज घेतो. काही जण तापलेल्या स्टडच्या मुळाशी मेणबत्ती टेकवतात, आणि पातळ झालेले मेण आट्यांत ओढले जाते. मेणबत्तीचा तो शांत उपयोग मला फार देखणा वाटतो.

स्टड तुटलाच, तरी वर थोडा भाग उरला असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करतात. या युक्तीचे सौंदर्य त्यातल्या नकारात आहे: पोलादाचे वेल्ड ॲल्युमिनियमला धरत नाही. थेंब सांडला तरी हेडला चिकटत नाही. वेल्डची सारी आच मात्र थेट स्टडच्या पोटात जाते. तो फुगू पाहतो, भोवतालचे भोक त्याला फुगू देत नाही, आणि निवताना तो आधीपेक्षा किंचित बारीक होऊन पकड सोडतो. नट पुरता थंड व्हायच्या आत, हाताला सोसवेल इतका कोमट असताना, पुन्हा तेच पुढे-मागे.

आणि स्टड सपाटीच्या आतच तुटला असेल तर? मग ड्रिल. तुटलेले तोंड वाकडेतिकडे असते, म्हणून आधी कानशीने किंवा बारीक दगडाने ते सपाट करायचे. मग सेंटर पंच. सहा मिलीमीटरच्या वर्तुळाचा मध्य डोळ्याने शोधायचा, आणि अर्धा मिलीमीटर चुकले तरी एका बाजूचे आटे गेले. मेस्त्री पहिला ठोका अगदी हलका देतो, भिंग नसेल तर मान वाकवून दोन्ही बाजूंनी बघतो आणि दुसऱ्या ठोक्याआधी पंच किंचित तिरका धरून खूण मध्याकडे सरकवतो. पंचाची खूण अशी सरकवता येते, हे किती जणांनी पाहिले असेल! पुढे अडीचचे बिट, मग साडेतीनचे, मग सव्वाचार, शेवटी पाचाला जरा कमी. सहाच्या मेट्रिक आट्यांचा आतला व्यास पाच मिलीमीटरच्या आसपास असतो. म्हणून इथवर नेमके मध्यातून आले, की स्टडचा गाभा संपतो आणि मागे फक्त त्याचे आटे उरतात, बारीक पोलादी वेटोळे होऊन. टोकदार चिमट्याने त्याचे टोक धरून मेस्त्री ते ओढतो आणि ते फिरत फिरत बाहेर येते. खाली हेडचे मूळ आटे जसेच्या तसे. हे ज्याने एकदा पाहिले तो पुढे कुठलेही भोक मध्यात आहे की नाही ते बघितल्याशिवाय राहत नाही.

या जागी बरेच जण ईझी आउट वापरतात: उलट्या आट्यांचे, निमुळते, कडक पोलादाचे हत्यार. माझे मत त्याच्या विरुद्ध आहे. ज्या जोराने अख्खा स्टड तुटला, तो जोर त्याच्या पोटातले बारीक ठिसूळ हत्यार कसा सोसेल? शिवाय निमुळते असल्याने ते पाचरीचे काम करते आणि स्टडची भिंत बाहेर ढकलून पकड उलट वाढवते. ते आत तुटले की साध्या बिटाला दाद देत नाही; मग स्पार्क इरोजनच्या मशीनशिवाय उपाय नाही. उलट्या धारेचे ड्रिल बिट कितीतरी सभ्य: ते सोडायच्या दिशेने फिरत भोक पाडते आणि कधी कधी स्टड आपण होऊन त्याच्यासोबत बाहेर येतो.

आटे गेलेल्या भोकाकडे वळू. इंजिनाखालचा ऑइलचा ड्रेन बोल्ट हा त्याचा नेहमीचा बळी, कारण दर ऑइल बदलीला तो निघतो आणि दर वेळी कोणाच्या तरी भीतीने जास्त आवळला जातो. शंभर सीसीच्या कित्येक गाड्यांत तो 12 मिलीमीटरचा, दीड मिलीमीटर पिचचा, सतराच्या पान्याने निघणारा. "आटं गेल्यात," असे ऐकले की पुष्कळ ठिकाणी सरळ मोठा बोल्ट ठोकून बसवतात. तो नवे आटे पाडत शिरतो खरा, पण वाकडा शिरतो, आणि पुढच्या वेळी निघताना उरलेले घेऊन येतो. राजारामपुरीतला चांगला हात आधी पिच गेज लावतो. विशेषतः जुनी बुलेट असेल तर. तिथे इंचाचे आणि मिलीमीटरचे बोल्ट एकाच इंजिनावर नांदतात. अडीच सुताचा बोल्ट 7.94 मिलीमीटर आणि आठचा मेट्रिक 8; कॅलिपरलाही फरक जेमतेम दिसतो. पण आट्यांचे अंतर निराळे आणि कोनही निराळा, व्हिटवर्थचा 55 अंश, मेट्रिकचा 60. असा परका बोल्ट दोन-तीन फेरे हाताने गोड जातो आणि मग अडतो. अडला की पाना लावणारा आटे मारतो. अडला की बोल्ट काढून गेजच्या पात्यांत धरणारा ते वाचवतो.

मग हेलिकॉइल. या गोष्टीवर माझे मनापासून प्रेम आहे. स्टेनलेस स्टीलची तार, पण गोल नव्हे. तिचा छेद पत्त्यातल्या चौकटसारखा. तिचे वेटोळे केले की बाहेरची धार नव्या मोठ्या आट्यांत बसते आणि आतली धार मूळ मापाचे आटे होऊन उभी राहते. सहाच्या बोल्टासाठी भोक 6.3 च्या आसपास पाडतात आणि खास टॅप मारतात. त्याचे आटे 7.3 मिलीमीटरपर्यंत पोचतात. म्हणजे भोवतालच्या भिंतीतून बाजूला जेमतेम पाऊण मिलीमीटरही जात नाही. आठचा बोल्ट घालायचा म्हटले तर एक पुरा मिलीमीटर जातो आणि कव्हरचे भोकही वाढवावे लागते. कॉइलने मात्र गाडीला कंपनीचाच बोल्ट परत मिळतो.

टॅप मारतानाचा हात बघण्यासारखा. तीन टॅपचा सेट: पहिल्याचे तोंड लांब निमुळते, त्याच्या दांड्यावर एक रेघ, दुसऱ्यावर दोन, शेवटचा, तळापर्यंत जाणारा, बिनरेघेचा. ॲल्युमिनियमला रॉकेल, पोलादाला कटिंग ऑइल, बिडाला काहीच नाही. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे घेताना कीस तुटल्याचा बारीक 'टिच्' ऐकू येतो. पहिले दोन फेरे झाले की मेस्त्री गुण्या शेजारी उभा धरून टॅप दोन्ही अंगांनी सरळ आहे का ते बघतो, कारण तिसऱ्या फेऱ्यानंतर वाकडेपण सुधारत नाही. इंजिनाच्या तोंडाशी काम असेल तर टॅपच्या खोबणीत ग्रीस भरतो. कीस ग्रीसला चिकटून बाहेर येतो, आत पडत नाही.

कॉइलचा मोकळा व्यास भोकापेक्षा थोडा मोठा असतो. बसवायचे हत्यार तिच्या तळाच्या आडव्या जिभेला धरून फिरवते. ओढ लागली की वेटोळे आवळून बारीक होते, आट्यांत शिरते, आणि हत्यार सोडताच फुलून भिंतीला गच्च धरते. चिकटवायला काही लागत नाही. वरचे टोक तोंडापासून पाव ते अर्धा आटा आत ठेवायचे. सपाटीला ठेवले तर पहिल्याच आवळण्यात ते वर उचलले जाते. शेवटी पंचाच्या एका टिचकीने जीभ तोडायची आणि चुंबकाने उचलून घ्यायची. स्टेनलेस चुंबकाला फारशी दाद देत नाही, म्हणून काही मेस्त्री पंचाच्या टोकाला ग्रीसचा ठिपका लावतात! असे झालेले भोक मूळच्या ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा जास्त सोसते, कारण लवचिक वेटोळे भार एका आट्यावर न टाकता पुढच्या आट्यांना वाटून देते. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या इंजिनांत अशा कॉइल बसवल्या जात, त्या याच गुणासाठी.

कॉइल मिळत नव्हती तेव्हा काय करत? उद्यमनगरात जात, आणि अजूनही जातात. 1972 साली आलेल्या चेतकची आठवण काढा. टू-स्ट्रोक इंजिन, प्लग सारखा काळा होणारा. रस्त्यात स्कूटर थांबली की प्लग काढायचा, काचकागदाने घासायचा, परत बसवायचा. 14 मिलीमीटरच्या पोलादी प्लगची ये-जा ॲल्युमिनियमच्या हेडला किती काळ सोसणार? मग हेड घेऊन लेथवर जायचे. भोक मोठे करून 18 चे आटे पाडायचे, आणि बाहेर 18 चे, आत 14 चे आटे असलेला बुश कातून त्यात बसवायचा. बुशाला वर बारीक खांदा, तो हेडच्या सपाटीत रुतलेला. कडेला पंचाचे दोन-तीन ठोके, म्हणजे प्लग काढताना बुश सोबत फिरून येऊ नये. कातणाऱ्याचे कसब त्या खांद्यात दिसते. प्लगची बैठक मूळ पातळीवरच यायला हवी. जास्त वर आली तर ठिणगी आत लपते, जास्त खाली गेली तर पिस्टनला प्लग लागण्याची भीती. जुन्या चेतकच्या हेडवर प्लगभोवती पितळी किंवा पोलादी कडे दिसले, तर जरा थांबून ते पाहावे. त्याच्याइतका नेमका दागिना त्या स्कूटरवर दुसरा नसतो.

आता शेवटचे आवळणे. भोक हवेने फुंकून कोरडे करायचे. तळ बंद असलेल्या भोकात तेल साचले आणि वरून बोल्ट उतरला, तर तेलाला दबता येत नाही. ओतीव ॲल्युमिनियम तडकते. मग बोल्ट बोटांनी लावायचा, तोही आधी अर्धा फेरा उलटा फिरवून. आट्याचे टोक आट्याच्या तोंडात पडले की हाताला बारीक 'टक' जाणवते, तिथून सरळ. दोन बोटांनी शेवटपर्यंत गेला तरच पान्याला हात. कव्हरचे बोल्ट असतील तर समोरासमोरचे, थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत. आणि सहाच्या बोल्टाला मेस्त्री पाना टोकाला धरत नाही. मूठ डोक्याजवळ आणतो, आणि जोर आपोआप निम्मा होतो. सिलिंडर हेडसाठी मात्र त्याने टॉर्क रेंच काढावा, असे माझे ठाम म्हणणे आहे. हाताला कितीही जाण असली तरी चार स्टडमधला बारीक फरक गॅस्केटला कळतो, हाताला नेहमी कळत नाही.

सायलेन्सरचे नट बसवताना तो स्टडच्या आट्यांना उष्णता सोसणारे तांब्याचे ग्रीस लावतो आणि ग्रीस लावलेले आहे हे लक्षात ठेवून नेहमीपेक्षा जरा कमी आवळतो. गाडी सुरू करून तापू देतो, सांध्याजवळ हात धरून गॅस फुटत नाही ना ते बघतो. मग मालकाला सांगतो, "दोन दिवस चालवा आणि येऊन एकदा दावून जावा. गार गाडीवर बघतो." तापून निवलेल्या सांध्यात नट किंचित सैल पडतात, आणि ते आवळायचे तर गाडी गार असतानाच.